धुळीला जात नसते म्हणे

माझ्या खोलीवर सिमेंटचा पत्रा आहे. तुमच्याही असेल. वस्तीत त्याला कुणी अ‍ॅस्बेस्टॉस म्हणत नाही. वायर घालायला भोक पाडलं की भुगा चुलीवर पडतो, आई फुंकर मारून उडवते. माझे मामा असले पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं पोती फोडायला होते. रिकामी पोती मामी घरी धुवायची, त्यांवर आम्ही पोरं झोपायचो. मामांचा दम आता दोन पायऱ्यांत संपतो. सूतगिरणीतली माझी पाळी सुटली की मी या भुग्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि वाचत वाचत पार ऑस्ट्रेलियातल्या विटनूम गावात पोचलो.

विटनूम आता नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून हजार किलोमीटरच्या वर, पिलबाराच्या तांबड्या डोंगरांत ते होतं. 1930 च्या दशकात लँग हँकॉकनं तिथल्या दरीत निळा अ‍ॅस्बेस्टॉस उकरायला घेतला. 1943 मध्ये खाण सीएसआर कंपनीकडं गेली. मूळची ही साखरेची कंपनी. (साखरवाल्यांशी आपली ओळख जुनी आहे.) 1966 मध्ये तोटा दाखवून खाण बंद झाली. 2006 मध्ये सरकारनं वीज तोडली, 2007 मध्ये गावाचं नाव दफ्तरातून काढलं, 2022 मध्ये कायदा करून उरल्यासुरल्यांना बाहेर काढलं, आणि मग शिल्लक घरं पाडली.

यावर हळहळून लिहिणारे पुष्कळ आहेत. ओसाड गाव, भुतांचं गाव, गावाला उतरती कळा लागली. मला या 'उतरत्या कळे'चाच राग येतो. कळा चंद्राच्या उतरतात. गाव कुणीतरी वापरतं आणि फेकतं.

कंपनीला माहीत नव्हतं म्हणाल, तर 1948 मध्येच एरिक सेंट नावाच्या डॉक्टरनं आरोग्य खात्याला लेखी कळवलं होतं की इथं फुप्फुसाच्या रोगाचं भयंकर पीक येणार. खाण त्यानंतर अठरा वर्षं चालली. खाणीचा चुरा रस्त्यावर, अंगणात, पोरांच्या खेळायच्या जागेत पसरला. पोरं निळ्या ढिगाऱ्यावर घसरगुंडी करायची. सुमारे सात हजार माणसं तिथं कामाला होती, राहून गेलेली वीस हजारांवर, आणि त्यांतली दोन हजारांवर या रोगानं गेली असं धरतात. छातीच्या पडद्याचा हा कर्करोग तीस-चाळीस वर्षं गप्प बसतो. तोवर मालक नामानिराळा.

मेलेल्यांत इटलीहून पोटासाठी आलेले मजूर खूप. ते माझेच भाऊ, त्यांच्याबद्दल माझं भांडण नाही. त्या खाणीतले कामगार 1988 मध्ये कोर्टात सीएसआरविरुद्ध जिंकले, मला त्याचा आनंदच आहे. माझं भांडण आमच्या युनियनच्या एका पुढाऱ्याशी आहे. मी विटनूम सांगायला लागलो तर ते म्हणाले, "बघ, धुळीला जात नसते रे. गोरा पण मरतो."

साहेब, मरतो गोरा पण. पण गाव कुणाचं आणि गावकुसाबाहेर कोण, तेवढं सांगा.

ती जमीन बंजिमा लोकांची. त्यांना कुणी विचारलं नाही. विटनूम हे नावसुद्धा हँकॉकनं दिलेलं, मुल्गा डाउन्स या कुरणाच्या भागीदाराचं. पिलबाराच्या असल्या कुरणांवर मूळनिवासी राबायचे आणि बदल्यात मिळायचं काय? पीठ, चहा, साखर, तंबाखू. बलुतं हो, दुसरं काय! 1 मे 1946 ला शेकडो जणांनी कामं टाकली. अक्षर न येणाऱ्यांसाठी दिवस खोडायची कॅलेंडरं छावणीछावणीत फिरवली, आणि ठरल्या दिवशी उठले. संप तीन वर्षं चालला. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. हा मेदिन आमच्या युनियनच्या फलकावर मी कधी वाचला नाही.

विटनूमची घरं बांधायला निघाली ती याच सुमारास. आणि 1967 पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या घटनेत कलम होतं की लोकसंख्या मोजताना मूळनिवासी धरायचे नाहीत. म्हणजे खाण सुरू झाली, चालली, बंद पडली, तरी ज्याची जमीन तो माणसांत मोजलाच नव्हता. पण अ‍ॅस्बेस्टॉसची पोती बंदरावर वाहून न्यायला मात्र तो चालला. आज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवाशांत या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त सापडतं. आणि ज्या हँकॉकनं ही दरी उकरली तो 1984 मध्ये कॅमेऱ्यासमोर बोलला की मिश्र रक्ताच्या मूळनिवाशांना पाण्यातून औषध घालून वांझ करावं. धुळीला जात नसेल. धूळ उडवणाऱ्याला असते.

गाव उठलं, गोरे गेले. बंजिमा कुठं जाणार? 2014 मध्ये कोर्टानं त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. हक्कासोबत काय मिळालं? तीस लाख टन चुरा आणि सुमारे 47 हजार हेक्टर विषारी ठरवलेली भूमी. पावसात ओढा ढिगारे खात खाली वाहतो. सरकार पाटी लावून सांगतं, इकडं येऊ नका. ज्यांचे पूर्वज तिथं, विधी तिथं, त्यांना सांगतं.

आपल्याकडं बघा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं, कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या थुंकीनं सवर्णांचा धागा बाटे. जास्त पगार तिथं, आपण कमी पगाराच्या कताईत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लाल झेंड्यासमोर धरला होता. तेव्हाही उत्तर हेच होतं: कामगार सगळा एक.

आणि दोस्तांनो, आपल्यालाही सोडत नाही मी. ऑस्ट्रेलियानं 2003 च्या अखेरीस अ‍ॅस्बेस्टॉस पूर्ण बंद केला. आपल्या देशात पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस रशियाहून येतो आणि पत्रा होऊन आपल्या डोक्यावर चढतो. आपल्या विहारावर कुठला पत्रा आहे? गेल्या जयंतीला वर्गणी काढून आपणच चढवला. ड्रिल मारणारा मीच होतो.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या तब्येतीची नोंद चाळीस वर्षं ठेवायची. ते वाचून मामांना घेऊन कारखान्याच्या गेटवर गेलो. कारखाना बंद आहे. पाटी काढलेली. आत शेड उभी, भिंतीच्या कडेला फुटक्या पत्र्यांचा ढीग, त्यावर शेळ्या. मी वॉचमनला म्हणालो, "यांच्या छातीच्या फोटोचं रजिस्टर पाहिजे."

"कुठलं रजिस्टर? इथं कुठं कारखाना हाय आता?"

मामा गेटला धरून उभे होते. म्हणाले, "ते बघ, ती खिडकी. तिथं पोती फोडायचो." मग खोकला आला.

पुढच्या रविवारी आम्ही तिथं कामाला असलेल्यांची यादी करायला बसतोय. बावीस नावं मामांना आठवली आहेत. लिहिता येणारा हात हवा.