कोंबडी मारायला घर सापडतं, लस द्यायला का नाही?

मंडळी, थोडं कडू बोलतोय. मानमोडी आली की गल्लीच्या गल्ली कोंबड्यांविना होते आणि आपण म्हणतो, "साथ आली, गेल्या." गेल्या नाहीत. जाऊ दिल्या.

मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, लुळे पंख, पिळलेली मान. विषाणूचा रोग आहे, लागण झाल्यावर औषध नाही. पण लस आहे, आणि ती आपल्याच पुण्यात, औंधच्या सरकारी पशुजैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी पंखाखाली टोचायची. एवढंच.

मग अडतं कुठं? कुपी असते शंभर डोसची किंवा त्याहून मोठी. बर्फात ठेवायची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. आता आठ कोंबड्यांची मालकीण शंभर डोस कुठं घालणार? दवाखान्यात गेली तर उत्तर ठरलेलं, "एवढ्याशा कोंबड्यांसाठी कुपी फोडता येत नाही." पोल्ट्रीवाल्याला ही अडचण येत नाही. अडचण फक्त गरिबाला.

सरकारला जमत नाही असंही नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली, मेलेल्या जनावरांसाठी मदत दिली. योग्यच केलं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा तर परसातली कोंबडीसुद्धा शोधून काढून मारली. म्हणजे मारायची वेळ आली की प्रत्येक खुराड्याचा पत्ता लागतो, वाचवायची वेळ आली की तेच खुराडं दिसत नाही. योजनेतून पिल्लं वाटायची, फोटो काढायचे, आणि महिन्याभरानं ती जिवंत आहेत का हे कोणी विचारायचं नाही!

आता आपलंही ऐका. कोंबडी पेंगली की मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणायची, अर्धी फोडून पाजायची, आणि तिचंच अंडं लेकराला द्यायचं, हे बंद करा. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. उलट औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि जंतू निर्ढावतात. याच भीतीनं केंद्रानं २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांना द्यायला बंदी घातली. पिल्लांना रक्ताची हगवण लागली तर तो वेगळा रोग आहे, त्याचं औषध वेगळं. ओलं भुसकट आधी बाहेर काढा आणि डॉक्टरला विचारा. आजारी कोंबडी वेगळी कोंडा. मेलेली उकिरड्यावर फेकू नका, चुना टाकून खोल पुरा. आणि साथ सुरू झाल्यावर पडत्या भावात बाजारात नेऊन विकू नका, तुमची साथ दुसऱ्या गावात जाते.

मागणी साधी आहे. प्रत्येक गावाला कोंबड्यांच्या लसीचा एक ठरलेला दिवस द्या. आदल्या दिवशी दवंडी किंवा ग्रुपवर मेसेज. सकाळी खुराडी उघडायच्या आधी लस. पंधरा-वीस घरांच्या सहा-सात कोंबड्या धरल्या तरी शंभराची कुपी संपते, डोस वाया जात नाही. बचत गटाच्या दोघी-तिघींना थेंब टाकायला शिकवा, बर्फाचा डबा पंचायतीनं घ्यावा. यात कोटींचं बजेट कुठं लागतं?

अंडी विकून वहीपेन, एसटीचं भाडं, दुखण्याखुपण्याचे पैसे काढणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. घरात नवऱ्याला न विचारता मोडता येणारा तेवढाच पैसा त्यांच्याकडं असतो. मानमोडी तोच नेते.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. तोंडी दिला तर हसण्यावारी नेतील. ठरावाची नक्कल घ्या आणि पशुधन अधिकाऱ्यांकडून पोच घ्या. तुमच्या गावात गेल्या वर्षभरात कोंबड्यांना लस मिळाली का? कमेंटमध्ये गावाचं नाव आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहा. यादी मी स्वतः घेऊन जातो.