दुधाच्या दातांची शिस्त

कुत्र्याचे शेपूट कितीही दिवस नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळली आहे की शेपटाचा न्याय त्याने जबड्यालाही लावून टाकला आहे. मुलांच्या हट्टाखातर दोन खोल्यांच्या घरात महिना-सव्वा महिन्याचे पिल्लू येते. चार दिवस कौतुकात जातात. पाचव्या दिवशी ते मुलाच्या पोटरीला, आजीच्या पदराला आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गृहस्थाच्या अंगठ्याला दात लावते आणि घराचा निकाल जाहीर होतो : पिल्लू चावरे निघाले. मग कोणी चपलेचा प्रसाद सुचवतो, कोणी तोंड आवळून धरायला सांगतो, तर कोणी 'मोठे झाले की सुटेल' म्हणून हात झटकतो. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

वस्तुतः पिल्लाचे चावणे हा दुर्गुण नव्हे. त्याला हात नाहीत. जगाची ओळख ते तोंडाने करून घेते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे दात येऊ लागतात. हे २८ दात सुईसारखे असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. तोवर दात तीक्ष्ण, पण जबडा दुबळा असतो. दंश झोंबतो, परंतु सहसा खोल जात नाही. याच काळात भावंडांशी झोंबताना पिल्लू आपल्या जबड्याचा जोर ओळखायला शिकते. फार जोराने चावले की भावंड केकाटून खेळ सोडते; आचळाला दात लागला की आई उठून चालू लागते. खेळ थांबला, दूध थांबले, एवढ्याने धडा पुरा होतो.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो, असे त्यात त्यांनी दाखवले. आपल्याकडे नेमक्या याच काळाच्या मध्यावर पिल्लाला आईपासून तोडले जाते. 'लहान नेले की लळा लवकर लागतो' हे विक्रेत्याचे पाठ केलेले वाक्य. त्यात त्याचा लाभ उघड आहे, कारण पिल्लू लवकर गेले की खाण्याचा आणि लसीचा खर्च वाचतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नियम कागदावर आणि पिल्लू टोपलीत, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. भावंडांत शिकायचा धडा अर्धवट टाकून आलेले पिल्लू मग तो माणसाच्या हातावर गिरवू लागते.

म्हणून तो धडा माणसानेच पुरा करून घ्यायचा असतो. रीत साधी आहे. कठीण आहे तो संयम. दात जोराने लागताच हात हिसकू नये, कारण पळणारी वस्तू पकडावी ही पिल्लाची उपजत ओढ आहे. हात स्थिर ठेवावा, खेळ तिथेच थांबवावा आणि पाठ फिरवून अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहूही नये. मग चावण्याजोगी वस्तू पुढे करावी. हिरड्या शिवशिवत असतील तर ओले करून गार केलेले जाड फडके आपल्या देखरेखीखाली चघळू द्यावे. आधी चाव्याचा जोर उतरवायचा, नंतर चावणेच कमी करायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीवर एखाद्या दिवशी कोणाचा तरी पाय पडणारच. त्या क्षणी ओरखडा उठतो की टाके पडतात, हे पुष्कळसे या सवयीवर ठरते. पिल्लाला दिवसातून अठरा-अठरा तास झोप लागते हेही घरोघर विसरले जाते. रात्री पाहुण्यांसमोर नाचवलेले पेंगुळलेले पिल्लू चावते, तेव्हा दोष पाहुण्यांचा असतो. आणि वडिलांनी बोटे चावू द्यायची, आईने रागवायचे, हा प्रकार चालला तर पिल्लू काहीच शिकत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. त्यानंतर ती छडी कुठे गेली असा प्रश्न कोणाला पडला असेल, तर तिचा एक मुक्काम पिल्लाच्या पाठीवर आहे. मार खाल्लेले पिल्लू 'चावू नये' हे शिकत नाही. हात जवळ आला की वेदना होते, एवढेच शिकते. गुरगुरल्याबद्दल मारले तर नुकसान आणखी मोठे. गुरगुरणे ही सूचना आहे. ती बंद पडलेला कुत्रा पूर्वसूचनेवाचून चावतो. ताठरलेले अंग, ताटलीवर रोखलेली नजर, दुखऱ्या जागी हात लागताच घेतलेला चावा, हा खेळ नव्हे; तेथे पशुवैद्यालाच विचारले पाहिजे.

खेळातला असला तरी कातडी फाटणारा दंश क्षुल्लक मानणे धोक्याचे आहे. रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. त्याआधी पिल्लू निर्धास्त धरता येत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, हळद वा तिखट भरू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लक्षणे उमटल्यानंतर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

जबड्याचा जोर न शिकलेले पिल्लू आठ-दहा महिन्यांत दांडगे होते आणि एके रात्री त्याला दूरच्या वस्तीत सोडले जाते. जनावर असे उपाशी सोडणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवले. पहिल्या अपराधाचा दंड मात्र दीर्घकाळ पन्नास रुपयांपुढे गेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी प्रथम कठोर आदेश दिले आणि काही दिवसांतच त्यांत बदल केला. देशभर वादाचा धुरळा उडाला. त्या धुरळ्यात सुशिक्षित घरांतून रस्त्यावर आलेल्या कुत्र्यांकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पाळीव कुत्र्याच्या परवान्यासाठी महापालिका लसीचा दाखला मागतात. त्याच खिडकीवर पिल्लू कोणाकडून आणि किती आठवड्यांचे घेतले याची पावतीही मागावी. २०१७ चा नियम मोडणारा विक्रेता शोधायला मग वेगळा निरीक्षक नेमावा लागणार नाही.