म्हणे मास्क बदला!

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसातले आयपी पत्ते संपले. नेटवर्क १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे जेमतेम २५४ पत्ते. माणसं वाढली, फोन वाढले, संपणारच. मीटिंगमध्ये आम्ही चार बी.ई. झालेल्यांनी फर्मान काढलं: "मास्क २५५.२५५.२५४.० करा, ५१० पत्ते मिळतील. नव्या लोकांना १९२.१६८.२ चे पत्ते द्या." कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराने शनिवारी बसून सांगितलं तस्सं केलं. सोमवारी नव्या लोकांना ना इंटरनेट, ना प्रिंटर. आणि शिव्या कोणी खाल्ल्या? त्या पोराने!

चूक शंभर टक्के आमची. पत्त्यातला तिसरा आकडा बायनरीत लिहून बघा. १ म्हणजे ०००००००१, २ म्हणजे ००००००१०. मास्कमधला २५४ म्हणजे १११११११०. म्हणजे पहिले सात बिट जुळले तर नेटवर्क एक, आठवा काहीही असो. १ आणि २ चे सात बिट जुळतात? नाही! जोड्या लागतात ० आणि १ ची, २ आणि ३ ची. नव्या मशीनसाठी १९२.१६८.१.१ हा गेटवेच परक्या नेटवर्कात. दारापर्यंतच पोचता येत नाही, तर बाहेर कसं पडणार?

द्यायला हवे होते १९२.१६८.० चे पत्ते. किंवा मास्क २५५.२५५.२५२.० करायचा, मग ० ते ३ सगळे एकत्र, १०२२ पत्ते. आणि मास्क सगळीकडे बदलायचा... राउटर, सर्व्हर, कोपऱ्यातला तो प्रिंटरसुद्धा. नाहीतर जुन्या मास्कचा प्रिंटर नव्या पत्त्यांना बाहेरचे समजतो.

एवढं चार ओळींचं गणित चार इंजिनियरना का जमू नये? कारण आम्ही ते पाठ केलं होतं. क्लास ए, बी, सी... पाच मार्क मिळाले, विषय सुटला. अरे, १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि ते क्लास मोडीत निघाले! तरी आम्ही "क्लास सी" म्हणत फिरतोय.

कोणी म्हणेल, "आम्ही कोड लिहितो, हे नेटवर्कवाल्यांचं काम. शिवाय आता सगळं क्लाउडवर." हो का? ॲमेझॉनच्या क्लाउडवर स्वतःचं नेटवर्क उभं करताना सीआयडीआर ब्लॉक तुम्हालाच ठरवावा लागतो. आणि मूळ ब्लॉक नंतर मोठा करता येत नाही, दुसरा जोडत बसावं लागतं. म्हणजे तिथे तर आधीच डोकं लावायला हवं.

डिग्रीचा माज हुकूम सोडताना असतो, मग चूक निघाल्यावर तो कुठे जातो? त्या पोराला आमच्यापेक्षा कितीतरी कमी पगार आहे. मंगळवारी मी सगळ्यांना मेल टाकला की फर्मान आमचं होतं, चूकही आमचीच. दोघांचं तोंड वाकडं झालं. होऊ दे.

पुढच्या वेळी "मास्क बदला" म्हणण्याआधी कागद घ्या, आठ बिट लिहा. दोन मिनिटं लागतात.