समाधीच्या पाठीमागे गाणाऱ्या बाया

पौष वद्य पंचमीला, कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या पुण्यतिथीच्या आराधनेला, तमिळनाडूतल्या तिरुवैयारूत कावेरीकाठी शेकडो गायक-वादक मांडी घालून समोरासमोर बसतात आणि त्यांच्या पाच कृती, पंचरत्नं, एका सुरात गातात. राग नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी बसलेल्या एका जाणत्या गृहस्थांना विचारलं, बाया इथे कधीपासून गाऊ लागल्या? ते म्हणाले, "अहो, हे भक्तीचं ठिकाण. इथे राजकारण कशाला आणता?"

त्यांचा सूर रागाचा नव्हता, आणि असं मानणारे ते एकटे नाहीत. पण ज्या समाधिमंदिरासमोर आम्ही बसलो होतो ते बंगळूर नागरत्नम्मांनी बांधलेलं आहे, आणि त्यांच्या आयुष्यात भक्ती व राजकारण वेगळं काढायची सोयच नव्हती.

नागरत्नम्मा देवदासी समाजातल्या. जन्म १८७८, म्हैसूर संस्थानातल्या नंजनगूडचा. नाव झालं मद्रासेत. त्यागराजांची समाधी मोडकळीला आल्याचं पत्र १९२१ मध्ये गायक बिडारम कृष्णप्पांकडून आलं आणि गाण्यावर मिळवलेला पैसा त्यांनी इथे ओतला. जागा घेतली, देऊळ उभं केलं, १९२६ मध्ये प्रतिष्ठा झाली. आराधनेचा उत्सव मात्र पुरुषांच्या दोन तटांच्या हाती होता, पेरिय कट्चि आणि चिन्न कट्चि, म्हणजे थोरला पक्ष नि धाकटा पक्ष. दोघांचं आपसात जमत नव्हतं, पण बाईनं समाधीपुढे गाऊ नये यावर एकमत होतं. देऊळ बांधणारीलाही गायला मज्जाव! तेव्हा नागरत्नम्मांनी बायांचा तिसरा पक्ष उभा केला. त्या समाधीच्या पाठीमागे बसून गाऊ लागल्या. १९४० नंतर तट एक झाले आणि बायांना पुढची जागा मिळाली.

यातलं भक्ती कुठलं आणि राजकारण कुठलं, हे त्या गृहस्थांनी मला वेगळं करून दाखवावं. समोर बसून गाणाऱ्या पुरुषाला भूमिका घ्यावी लागत नाही, कारण जागा त्याचीच आहे. जिला उठवलं जातं, तिनं तिथेच पुन्हा बसायचं म्हटलं की लोक त्याला राजकारण म्हणतात. अमेरिकेत १९३९ मध्ये मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला, केवळ वर्णामुळे. ईस्टरच्या रविवारी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि पंचाहत्तर हजार माणसांपुढे गायली. शेवटी तिनं आपल्या समाजाची, गुलामीत जन्मलेली भक्तिगीतं म्हटली. तिनं त्या दिवशी प्रार्थना केली की निषेध, हा प्रश्न तिला विचारणंच चुकीचं. इकडे तिरुवैयारूत नागरत्नम्मांच्या बाया त्याच सुमारास पाठीमागे बसून गात होत्या.

दुसरा आक्षेप जरा सभ्य आहे: त्यांची भक्ती थोर होती, देवदासीपण आता कशाला उगाळायचं? म्हणजे नागरत्नम्मांना धुऊन-पुसून घ्यायचं. त्यांनी स्वतः ते कधी केलं नाही. तंजावरच्या प्रतापसिंह भोसले महाराजांच्या दरबारातली मुद्दुपळनी, तीही गणिकाच, तिचं 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी १९१० मध्ये नीट संपादून छापलं. आधीच्या आवृत्तीत कवयित्रीची ओळख आणि काही पद्यं गाळली होती. त्यांनी ती परत आणली. वीरेशलिंगम् यांच्यासारख्या सुधारकानं मुद्दुपळनीला निर्लज्ज ठरवलं होतं. पुरुष कवींच्या शृंगारावर मात्र कोणी बोट ठेवत नाही, हे नागरत्नम्मांनी स्पष्ट लिहिलं. सरकारनं पुस्तक अश्लील म्हणून बंद केलं. बंदी उठली १९४७ मध्ये. आपल्या मराठी राजाच्या पदरची कवयित्री एका कानडी मुलखातल्या देवदासीनं वाचवली, हे आपल्याला माहीत असायला हवं. मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक कान्होपात्रा पंढरीच्या देवळात विसावली आहे, त्यामुळे आपल्याला तरी हे नवं वाटू नये.

तिसरा आक्षेप खरोखर जड आहे. मुथुलक्ष्मी रेड्डींनी मद्रास विधान परिषदेत देवदासी प्रथा बंद करण्याचा प्रश्न लावून धरला, आणि नागरत्नम्मांनी देवदासींची संघटना बांधून त्याला विरोध केला. इथे मी मुथुलक्ष्मींच्या बाजूची आहे. त्यांची आईही त्याच समाजातली होती, त्यांना ते दुःख आतून ठाऊक होतं. कोवळ्या मुलीला देवाला वाहणं थांबायलाच हवं होतं. पण देवदासी म्हणजे वेश्या, हे समीकरण नागरत्नम्मांनी नाकारलं ते बरोबरच होतं. ज्यांच्या जगण्याबद्दल कायदा व्हायचा, त्यांचं म्हणणं ऐका, इतकं तर त्या मागत होत्या. त्या चुकल्या असतील, पण गप्प बसल्या नाहीत. बाईनं राजकारणात चुकण्याचाही हक्क मिळवायचा असतो, हे आपण अजून मानत नाही.

नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. मूर्ती बसलेली, हात जोडलेले, तोंड त्यागराजांकडे. तिथे थोडा वेळ थांबून मी देवळाच्या पाठीमागे गेले आणि भिंतीला टेकून बसले. पुढे पंचरत्नं चालू होती. आता कर्णे आहेत, तरी त्या बाजूला शब्द नीट लागत नाहीत, ताल तेवढा कळतो. तेव्हा कर्णे नव्हते. मी डोळे मिटून मनातल्या मनात आरभीतलं पद धरायचा प्रयत्न केला, तर पुढचा ताल माझ्या हातातून सुटत होता.