विश्लेषण : पकडलेला कार्बन डायऑक्साइड वाहून न्यायचा कसा? वाहिनी फुटली तर काय?

कारखान्याच्या धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पकडायचा आणि जमिनीखाली खोलवर साठवायचा, या तंत्रज्ञानावर जगभर मोठा खर्च होतो आहे. चर्चा होते ती पकडण्याची आणि साठवणुकीची. मधला प्रवास मात्र लोकांच्या शेतांतून, गावांच्या कडेने होतो आणि अमेरिकेत प्रकल्प अडले आहेत ते तिथेच.

इतका दाब कशासाठी?

एक टन कार्बन डायऑक्साइड हवेच्या साध्या दाबाला ५०० घनमीटरहून अधिक जागा व्यापतो. तो तसाच वाहून नेणे परवडणारे नाही. सुमारे ७४ बार दाब आणि ३१ अंश सेल्सिअसच्या पुढे तो अशा अवस्थेत जातो की घनता द्रवासारखी, पण वाहणे वायूसारखे. म्हणून वाहिन्यांत दाब यापेक्षा जास्त ठेवतात. मोटारीच्या टायरमधील दाबाच्या तीस-चाळीस पट. त्याआधी वायू पूर्ण कोरडा करावा लागतो. पाणी राहिले तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन पोलाद आतून कुरतडले जाते.

सटार्शियात काय घडले?

अमेरिकेत अशा वाहिन्यांचे जाळे सुमारे ८ हजार किलोमीटरचे आहे. त्यातील बहुतेक तेलविहिरींतून अधिक तेल काढण्यासाठी टाकलेल्या. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ अतिवृष्टीने जमीन खचली आणि २४ इंची वाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो वर न जाता उतारावरून गावाकडे सरकला. ऑक्सिजन कमी पडल्याने पळून जाणाऱ्यांच्या मोटारीही बंद पडल्या. सुमारे २०० जणांना हलवावे लागले, ४५ जणांना उपचार घ्यावे लागले. सुदैवाने मृत्यू झाला नाही.

आपल्या घरगुती सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. नंतरच्या सरकारी चौकशीत आढळले, की गळती झाल्यास वायू कुठवर पसरेल याच्या कंपनीच्या अंदाजात हे गाव नव्हतेच! स्थानिक बचाव यंत्रणेलाही आपण कशाशी सामना करतो आहोत, हे सुरुवातीला ठाऊक नव्हते.

नियम कडक झाले का?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी यंत्रणेने कडक नियमांचा मसुदा जाहीर केला. सत्ताबदल होताच तो मागे घेतला गेला. शेतकऱ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. पाच राज्यांतून जाणाऱ्या ‘समिट’ वाहिनीला विरोध वाढला आणि मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने अशा वाहिन्यांसाठी सक्तीच्या भूसंपादनावर बंदी घातली.

नॉर्वेने जहाज का निवडले?

ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला ४ लाख टन वायू पकडण्याची क्षमता आहे. सिमेंटमधील बरेचसे उत्सर्जन चुनखडी भाजतानाच होते. नुसते इंधन बदलून ते टळत नाही. हा वायू थंड करून, उणे २६ अंशांच्या आसपास आणि सुमारे १५ बार दाबाखाली, द्रवरूपात जहाजांत भरतात. ओयगार्डन येथे उतरवून १०० किलोमीटर सागरी वाहिनीने तो समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये हे काम सुरू झाले. वायू द्रवरूप करायला ऊर्जा आणि पैसा लागतो. बदल्यात वाटेत गावे लागत नाहीत.

भारताला कोणता मार्ग खुला?

नीती आयोगाने २०२२ मध्ये याविषयी सविस्तर अहवाल दिला आहे. दख्खनचा बेसाल्ट साठवणुकीला कितपत उपयोगी ठरेल, याचाही अभ्यास होतो आहे. पण चंद्रपूरसारखी औष्णिक केंद्रे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. तिथे जहाजाचा पर्याय नाही. वाहिनीच लागेल आणि ती दाट वस्तीतून जाईल. तेव्हा वाहिनी बंद करणाऱ्या झडपा किती अंतरावर असतील, वायू कुठवर पसरेल हे कोण मोजणार आणि तालुक्याच्या रुग्णालयाला आधी काय सांगितले जाणार, याची उत्तरे जमीन मोजायला माणसे येण्याआधी गावांना मिळायला हवीत.