निवडीचे स्वातंत्र्य की निवडीचा भार?

अमेरिकेतील वृद्धांच्या औषधखर्चासाठी 'मेडिकेअर'ची 'पार्ट डी' विमा योजना १ जानेवारी २००६ पासून अमलात आली. विमा मात्र खाजगी कंपन्यांचा. त्यांतून निवड ज्याची त्याने करावयाची. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत ती बदलता येते.

केवळ आजारी माणसेच विमा घेऊ लागली तर कोणताही विमा तगणार नाही. म्हणून तत्सम संरक्षण नसताना विलंबाने येणाऱ्यास दरमहा १ टक्का या हिशेबाने वाढीव हप्ता, तोही बहुधा आजन्म, भरावा लागतो. हा दंड समर्थनीय आहे. परंतु ग्राहक सर्वज्ञ असतो, हे बाजाराचे गृहीत येथे टिकत नाही. हप्ता स्वल्प दिसतो. खरा खर्च मात्र आपले औषध कंपनीच्या यादीत आहे काय, आणि कोणत्या श्रेणीत, यावर ठरतो. ही यादी दरवर्षी बदलू शकते. २०२२ च्या कायद्याने २०२५ पासून रुग्णाच्या वार्षिक खर्चावर मर्यादा आली (त्या वर्षी ती २,००० डॉलर होती), हे स्वागतार्हच. पण तीही यादीतील औषधांपुरतीच.

ऐंशीच्या घरातील, दृष्टी मंदावलेल्या माणसाने दर हिवाळ्याच्या तोंडाशी हा ताळेबंद मांडावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे शासनाने आपले काम त्याच्या शिरावर टाकणे होय. निवड जरूर असावी. पण न निवडणाऱ्याचीही हानी होऊ नये, याची हमी प्रथम हवी.