दोघांचं जेवण पडद्याआड नको

ज्वारीची रास घरात आली आणि शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की लोहारा, उमरगा, औसा या भागातून घरंच्या घरं सहलीला निघतात. एका मोठ्या गाडीत आजी-आजोबा, दोन भावांचे संसार आणि पोरंबाळं. पूर्वी हा फेरा तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असा देवदर्शनाचा असे. आता तो कोल्हापूरची अंबाबाई करून गणपतीपुळे, मालवण, गोव्यापर्यंत जातो. आजीला दर्शन घडतं, पोरांना समुद्र दिसतो. मात्र ज्या नवरा-बायकोनं पैसे बाजूला टाकून, बॅगा भरून, सगळ्यांची औषधं आठवणीनं घेऊन ही सहल घडवलेली असते, त्यांना समोरासमोर बसून बोलायला एक तास मिळत नाही. चार-पाच दिवसांतलं एक रात्रीचं जेवण त्या दोघांचंच असावं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यासाठी हॉटेल निवडताना पहिली अट उघडेपणाची असावी: घरात सांगून जायचं आणि चार माणसांत बसायचं.

ही अट घालायचं कारण आपल्या सवयीत आहे. जोडप्यानं बाहेर जेवायचं म्हटलं की आपल्याकडे पाय ‘फॅमिली रूम’कडे वळतात. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत ही पाटी जागोजागी दिसते. आत प्लायवूडची भिंत, दाराला पडदा, वेटरला बोलवायला बेल. ही सोय जोडप्यांच्या निवांतपणासाठी नसते. दारूबंदीच्या 1949च्या कायद्याखाली परवाने घेऊन परमिट रूम चालतात, पुढच्या हॉलमध्ये पिणाऱ्यांच्या बैठका बसतात, म्हणून बायका-पोरांना त्यांच्या नजरेआड बसवलं जातं. म्हणजे वागणं हॉलमधल्यांचं आणि बंदिस्त खोली बाईच्या वाट्याला. तालुक्याच्या गावात लोक ती मुकाट्यानं पत्करतात, कारण तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि ‘अमक्याची सून हॉटेलात बसली होती’ ही बातमी जेवण संपायच्या आत घरी पोचते. पण लोहाऱ्यापासून चारशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर ही भीती उरत नाही. तिथं ओळखणारं कुणी नसतं, हाच त्या दोघांचा सहलीतला मोठा लाभ. तो मिळत असताना लग्नाच्या नवरा-बायकोनं काही चुकल्यासारखं पडद्यामागे जाऊन बसायचं, हे मला मान्य नाही. कुणी म्हणेल, पडद्याशिवाय मनातलं बोलता कसं येईल? बोलता येतं ते टेबलं दूर-दूर असली, टीव्ही बंद असला आणि पुढचं गिऱ्हाईक डोक्यावर उभं नसलं म्हणजे. हॉटेल ठरवण्याआधी दुपारी एकदा जाऊन या तीन गोष्टी बघून याव्यात. फोटोतल्या मेणबत्त्यांवरून त्यांचा अंदाज येत नाही.

‘हे असलं आपल्यात नाही’ हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. तो खरा नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी शेजारी बसतात, उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवतात, आणि तेही सगळ्या वऱ्हाडासमोर. जेजुरीला नवं जोडपं जातं तेव्हा नवरा नवरीला उचलून पहिल्या पायऱ्या चढतो. गडावर तेव्हा गर्दीच असते. आपल्या रीतीनं जोडप्याचं प्रेम चारचौघांत मान्य केलं आहे. खोट एवढीच की ते लग्नाच्या हंगामापुरतं मान्य केलं. पुढे पंगत बदलते: आधी पोरं आणि बाप्ये, मग सासू, शेवटी सून. पुष्कळ घरांत ती अजून अशीच उठते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं, आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. एकीला जवळजवळ पाच तास, दुसऱ्याला दीड तासही नाही. अशा घरात दोघं एकाच वेळी एकाच ताटावर बसण्याचा प्रसंग आपोआप येणार नाही, तो ठरवूनच आणावा लागतो. म्हणून मी या जेवणाला चैन म्हणत नाही.

याच आकड्यांतून निवडीची दुसरी अट निघते. हॉटेल तिनं निवडावं. जी रोज सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे किंवा गॅसपुढे भाकरी थापते, तिला त्या रात्री काय खावंसं वाटतं हे विचारायलाच हवं. आणि नवऱ्यानं आपल्याला माहीत आहे असं धरून चालू नये. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत थोरले माळकरी असतात. पूर्ण कुटुंब एका टेबलावर बसलं की मालवणात जाऊनही सगळ्यांसाठी पनीर आणि डाळतडका येतो, आणि जिला सुरमई खाऊन बघायची होती ती गप्प राहते. थोरल्यांच्या माळेचा मान राखायलाच हवा. दोघांचं वेगळं जेवण तो मानही राखतं आणि तिची इच्छाही. मालवणात बांगडा, सुरमई, सोलकढी आणि दुसऱ्या कुणीतरी थापलेली तांदळाची गरम भाकरी तिच्यापुढे यावी, यासाठी मी समुद्राकाठचं महागडं ‘कँडललाइट डिनर’ आनंदानं सोडून देईन. ती स्वतः माळकरी असेल तर गणपतीपुळ्याच्या घरगुती खानावळीतलं मोदकाचं ताट तितकंच चांगलं. मासे खायचे असतील तर एक ध्यानात ठेवावं: राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर गेल्यास ताज्या माशाची आशा कमी धरावी. मोठ्या माशाचा दर पुष्कळदा आकारावर असतो. तो मागवण्याआधी विचारावा, नाहीतर बिल बघून संध्याकाळचा आनंद जातो.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि तिच्यावर लोक फार कमी विचार करतात. हॉटेल मुक्कामापासून पायी जाण्याइतकं जवळ असावं. गाडी भाड्याची असते, चालक दिवसभर घाट चढून-उतरून थकलेला असतो. दोघांच्या जेवणासाठी त्याला रात्री पुन्हा पंधरा किलोमीटर पिटाळणं योग्य नाही आणि सुरक्षितही नाही. खोलीवर लहान मूल उठलं, आजोबांना बरं वाटेनासं झालं, तर दहा मिनिटांत परत येता आलं पाहिजे. ही खात्री असली की आईचं मन जेवणात लागतं, नसली तर तिचा हात सारखा मोबाइलकडे जातो. वेळही लवकरची धरावी. थोरली मंडळी नातवंडांना घेऊन देवळात सायंकाळच्या आरतीला गेली की दोघांनी निघावं. कोकणातल्या घरगुती खानावळींना माणसं किती हे आधी कळवावं लागतं, तेव्हा सकाळीच सांगून ठेवलेलं बरं.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. सोयाबीनच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं त्यांना पाचशे-हजार रुपये मोजूनच खर्च करावे लागतात. पण हे जेवण सहलीच्या खर्चावर वेगळा बोजा असायला हवं असं नाही; वाटेतल्या चहा-वेफर्सचे दोन थांबे गाळले तरी साध्या हॉटेलातल्या दोन ताटांचे पैसे निघतात. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला दिसला तर तो देणं सक्तीचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी स्पष्ट केलं आहे आणि मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तो काढून टाकायला सांगताना संकोच वाटू देऊ नये.

खरा अवघड आक्षेप घरातल्या थोरल्यांचा असतो: आम्हाला सोडून गेलात, आम्ही जड झालो का? हे दुःख खरं आहे, आणि चोरून निघालेल्या जोडप्याला त्याचं उत्तर देता येत नाही. मुलं झोपल्यावर, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असं सांगून गेलेली माणसं दीड तासानं परततात, तेव्हा दुखावतं ते खोटं बोलणं. म्हणून सांगायचं घरूनच, गाडी ठरवतानाच: मंगळवारी रात्री आम्ही दोघं बाहेर जेवणार, मुलांना तुम्ही सांभाळा, आणि बुधवारी मुलं आम्ही सांभाळू, तुम्ही दोघं जा. ज्या आई-वडिलांनी उभ्या आयुष्यात दोघांपुरतं टेबल कधी मागितलं नाही, त्यांना ते कुणी देऊ केलं तर ते नाही म्हणतील, लाजतील. तरी आग्रह करावा. भाऊ-भावजय बरोबर असतील तर त्यांचीही एक संध्याकाळ धरावी, म्हणजे एकाच सुनेचे लाड झाले असं कुणाला वाटणार नाही.

येत्या सुट्टीत गाडीवाल्याला विसार देण्याआधी घरात सगळ्यांना बसवून ही एक संध्याकाळ ठरवून टाका, आणि कुठं जेवायचं ते बायकोला विचारा.